डावखुरं सैन्य

सासऱ्यांनी लग्नात दिलेलं लढाईचं चित्र रविवारी सकाळी जावयाच्या हातून भिजलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं ते जुनं चित्र: एक सैन्य नदी ओलांडतंय, दुसरं काठावर तलवारी उगारून उभं. काच पुसायला फवारलेलं पाणी चौकटीत शिरलं आणि कागदाला फोड आले.

सासरे निवृत्त इतिहासशिक्षक. दर रविवारी जेवण झालं की ते चित्रापाशी उभे राहून लढाई समजावून सांगत. जावयाची वामकुक्षी कित्येक वर्षं त्या नदीत बुडत आली होती. चित्र गेलं तर व्याख्यानही जाईल, असा पापी विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण म्हाताऱ्याचा त्या चित्रात जीव होता. म्हणून बिचाऱ्याने कागद सुकवायला इस्त्री फिरवली, आणि नदीसकट निम्मं सैन्य करपलं.

“अहो, आता बाबांना काय दाखवणार?” बायकोने विचारलं.

मुलीच्या फोनमध्ये तिचा चित्रासमोरचा सेल्फी सापडला. छपाईवाल्याने मुलगी पुसून चित्र छापून दिलं. कोपऱ्यात तिचा एक कान उरला. तो टेकडी म्हणून खपेल, असं त्याचं मत पडलं. भिंतीवर टांगल्यावर जावयाच्या लक्षात आलं, की सेल्फीमुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं आलंय आणि सैन्य भलत्याच दिशेला निघालंय. तेवढ्यात बेल वाजली.

सासरे जेवले, उठले, सवयीने त्यांनी चित्राकडे बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. जावयात आता लपवायचंही त्राण उरलं नव्हतं. त्याने पाण्यापासून कानापर्यंत सगळं सांगून टाकलं. सासऱ्यांचं लक्षच नव्हतं.

“जुन्या चित्रात सगळे डाव्या हाताने लढायचे,” ते हळूच म्हणाले. “मी वर्गात सांगायचो, सैन्यच डावखुरं होतं.”

“आणि आता?”

“आता तलवारी उजव्या हातात आहेत. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हे कोरणारा विसरला असणार. तुम्ही ते सुलट केलंत, जावईबापू.”

त्यांचे डोळे भरून आले. जावयाला इतकं हायसं वाटलं, की त्याने उशी काखेत मारली आणि तो आतल्या खोलीकडे वळला.

“म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला सगळं उलटं सांगितलं,” खुर्ची ओढत सासरे म्हणाले. “बसा. पहिल्यापासून घेऊ.”

जावई बसला. बायकोने त्याच्या काखेतली उशी अलगद काढून घेतली.