चौगुलेसाहेबांचं बिनवासाचं सोल्यूशन

आमच्या प्रयोगशाळेत आलेला पाहुणा आधी टेबलाकडे बघतो, मग खुर्चीकडे, आणि शेवटी खाली फरशीवर मांडी घालून बसलेल्या चौगुलेसाहेबांकडे. अंगात पांढरा कोट, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, आणि साहेब उघड्या बोटानं चपलेच्या तळाला सोल्यूशन फासताहेत. एकानं मला हळूच विचारलं, यांना बरं नाही का? मी म्हटलं, गेली सतरा वर्षं असेच आहेत.

चपला चिकटवायचं सोल्यूशन बनवतो आम्ही. गडमुडशिंगीतल्या बायका ते घरात अशाच बसून लावतात, धूळ चिकटू नये म्हणून दार लावून. म्हणून साहेबही तसेच. काहीही नवं दाखवा, त्यांचा एकच प्रश्न: "हातात कोण धरणार?" एका लग्नात प्लॅस्टिकची ताटली उलटीसुलटी करून त्यांनी वाढप्याला विचारलं होतं, ही उद्या उचलणार कोण? वाढपी पुन्हा त्या पंगतीकडे फिरकला नाही.

गेल्या वर्षी आम्ही पाण्यावरचं, बिनवासाचं सोल्यूशन केलं. डोकं दुखणं नाही, चक्कर नाही. मालक खूश. डबे छापून तयार, फक्त साहेबांची सही राहिलेली. साहेब मला घेऊन गडमुडशिंगीला, चपला चिकटवणाऱ्या शालनवैनींच्या खोलीत जाऊन बसले. वैनी तोंडावर बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, वास न्हाय ते झ्याक हाय, पण वाळायला एवढा वेळ लागला तर दिवसाला निम्म्याच जोड्या हुतील. आणि मजुरी मिळते ती जोडीवर.

झालं! साहेबांनी सही नाकारली. मालक तापले, आपण कारखाना चालवतोय की अन्नछत्र, म्हणाले.

"मालक, वास घालवायच्या नादात त्यांची भाकरी घालवायची न्हाय," साहेब म्हणाले.

खरं सांगते, मलाही राग आला होता. माझी बढती त्या डब्यात अडकली होती. पुढचे आठ महिने त्यांनी मलाही फरशीवर बसवलं. गुडघे गेले माझे. पण सोल्यूशन झटक्यात वाळायला लागलं, वैनींनी मान डोलावली, मगच सही झाली.

पेढे वाटले त्या दिवशी साहेब गायब. पुडा घेऊन मी शिवाजी पेठेत त्यांच्या घरी गेले. लग्न न केलेला माणूस. घरात फक्त म्हातारी आई, खाटेवर, धाप लागलेली. चपला चिकटवूनच तिनं लेकाला शिकवलं आणि त्या वासातच छाती खराब करून घेतली, हे मला त्या दिवशी कळलं. साहेब नवा डबा उघडून तिच्या नाकाशी धरून उभे होते.

तिनं हुंगलं. परत हुंगलं.

"वासच न्हाय की रं," म्हणाली. मग त्यांच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "लई उशीर केलास, बाळा."

मालकाला गप्प करणारा माणूस. "व्हय आई," एवढंच म्हणाले, आणि रडले. मी पेढ्याचा पुडा धरून दारातच उभी राहिले.