दोन सेंटीमीटरची खोडी

आपली खोडी आजवर कुणाला पकडता आलेली नाही! एकवीस वर्षं या प्रयोगशाळेत काचा धुतोय, साहेबांच्या चष्म्यालासुद्धा सोडलं नाही.

आमच्या मॅडम चरबीचे फुगे मोजतात. हसू नका! पाण्यात चरबीचे कण आपले आपण एकमेकांना चिकटतात, पातळ कातडी होते, तिचा फुगा. केसाहून बारीक काचेच्या नळीनं तो ओढायचा. जेवढा आत जाईल तेवढी कातडी मऊ. ओढ वाढवायची तर त्या नळीला जोडलेली, स्टँडवरची पाण्याची बाटली खाली घ्यायची. किती खाली, ते मागची पट्टी सांगते.

पण आठ महिने रोज आकडे वेगळे! साहेबांनी बजावलं, "शुक्रवारपर्यंत जुळले नाहीत तर विषय बदला." मॅडमचा चेहरा करपलेल्या पातेल्यासारखा. म्हटलं, हसवू जरा. बुधवारी सकाळी पट्टी हळूच वर सरकवली, ओढ खऱ्याहून जास्त दिसावी म्हणून. बघतील, "काकाऽ!" म्हणून ओरडतील, संपलं.

बघितलंच नाही हो!

दुपारी आरोळी. "सर, कातडी दुप्पट टणक!"

"दुप्पट? फुगा आहे की ट्रकचं टायर?"

"तीनदा मोजलं, सर!"

साहेबांनी दुसऱ्या प्रयोगशाळेला कळवायला फोन उचलला. मी हातातली काच ठेवून पुढे धावलो.

"साहेब, ठेवा तो फोन. पट्टी... माझ्या हातून... म्हणजे मीच सरकवली."

साहेबांचे कान लाल. मॅडम मात्र शांत. "किती?"

"दोन सेंटीमीटर. मोजून. आपलं काम चोख!"

त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नळीतले कण ना आत ना बाहेर, असे थांबेपर्यंत बाटली हलवली. म्हणजे ओढ अजिबात नाही; तेच खरं शून्य.

"काका, खरं सांगा. पट्टीच्या शून्यात नि खऱ्या शून्यात फरक एकच सेंटीमीटर निघतोय."

"आईशप्पथ दोन!"

"मग एक कुणी खाल्ला?"

तिघंही बाटलीकडे बघायला लागलो. बुडाशी, नळीच्या जोडावर, एक थेंब लोंबत होता. टप्प! थोड्या वेळानं दुसरा. आतलं पाणी गुपचूप उतरत होतं, खरं शून्यही रोज वर सरकत होतं, खाल्लेला सेंटीमीटर तोच, आणि शून्य तपासायचं सोडून सगळे पट्टीवर विसंबलेले!

जोड बदलला. शुक्रवारी आकडे असे जुळले, जशा सख्ख्या बहिणी!

मॅडमच्या प्रबंधात पहिले आभार माझे. बायकोला सात वेळा वाचून दाखवले. ज्या पोरीनं तक्रार करायची, तिनं आभार मानले! डोळे पुसत टेबलाशी बसलो, तर हनुवटी रजिस्टरला टेकली!

दारातून मॅडमचा आवाज आला, "खुर्ची खाली केलीय, काका. मोजून!"

अजून वर केलेली नाही.