संगणकाची खंडेनवमी

"धारवाडच्या सप्तापूरपासून हुबळीच्या कोप्पीकर रोडपर्यंत माझ्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही," असं आमचे हौशी गुप्तहेर बाळाचार्य स्वतःबद्दल सांगतात. परवा त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नव्हता. तो सुईपेक्षा मोठा असल्यामुळे नियमात बसत नसावा. मी नारायण, निवृत्त ग्रंथपाल, त्यांचा मदतनीस. माझी निवड कशी झाली, हे रहस्य अजून उलगडलेलं नाही.

२००५ साली मी धारवाडच्या झाडांवर पुस्तक लिहिलं, थेट संगणकावर. "चोरीला जाईल की रे!" म्हणत आचार्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे पार गाभ्यात, कुलूप बसवून घेतलं. बाकीच्या प्रती पुसायला लावल्या. "आता पासवर्डशिवाय ब्रह्मदेवालाही एक अक्षर दिसणार नाही."

घरच्या संगणकाला एवढी तटबंदी कशाला, आणि माझं लेखन चोरणार कोण, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

दसऱ्याच्या सकाळी कुलूप उघडेना. संध्याकाळी पुस्तक छापखान्यात द्यायचं होतं. माझ्या पत्नीने, कुसुमावतीने, पेढेही सांगून ठेवले होते.

"शेजारचा गोविंद!" आचार्य कुजबुजले. "काल माझ्याकडे बघून हसला."

"तो रोजच हसतो."

"म्हणजे सराईत आहे."

थोड्या वेळाने आचार्यांच्या संशयातून गोविंद सुटला आणि परकीय सत्ता अडकली. त्या सत्तेला म्हणे आपल्या बुचाच्या झाडांची माहिती हवी होती. शेवटी आचार्य माझ्याकडे वळले.

"पासवर्ड काय?"

"हिचं नाव. इंग्रजीत."

"म्हणजे सकाळपासून माझं नाव चुकवताय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"टाइप केलेलं पडद्यावर दिसत नाही गं. सुरक्षितता असते ती." खरं तर मलाच शंका येऊ लागली होती. इतक्या वर्षांच्या संसारात आपण नाव तरी नीट ऐकलं होतं का?

कुसुमावती हात पुसत आली. "अय्यो, मुंग्या!"

कीबोर्डवर रांग लागली होती. 'एम'चं बटण खाली जाऊन तिथेच चिकटलं होतं.

"आचार्य, काल आयुधपूजेला यावर काय घातलंत?"

"पळीभर पंचामृत. आयुधाला स्नान नको?"

"मधासकट?"

"शास्त्रात सूट नाही, वहिनी."

तिने ओल्या फडक्याने बटण मोकळं केलं आणि स्वतःचं नाव स्वतःच टाइप केलं. पुस्तक उघडलं.

"बघ की नारायणा," आचार्य गंभीरपणे म्हणाले, "काम आतल्याच माणसाचं निघालं."

घरच्या संगणकाला अशा कुलपाचा फायदा होतो का, असं अजूनही कोणी विचारतं. चोरांचं ठाऊक नाही. लेखकापासून मात्र पुस्तक अर्धा दिवस सुरक्षित राहिलं; आणि पहिलं पान पुन्हा वाचल्यावर मला वाटलं, आचार्यांनी पळीऐवजी वाटी वापरायला हवी होती.