सोळा अंजनाबाई

गुणवंतरावांच्या पत्नी अंजनाबाई नातवाला सांभाळायला तीन महिन्यांसाठी पुण्याला गेल्या, त्याला आता दोन वर्षं झाली. सिंदेवाहीकडच्या जंगलातल्या लाकूड डेपोत गुणवंतराव एकटेच कारकून. समोर सागवानाच्या थप्प्या, मागे जंगल, आणि सकाळी दहाला ‘जेवले का?’ म्हणून विचारायला चिटपाखरूही नाही. पूर्वी अंजनाबाईंचा फोन यायचा. आता फोन नातवाच्या हातात असतो.

डेपोच्या कॉम्प्युटरमधल्या लिनक्सवर आज्ञा टाइप करायची टर्मिनल नावाची खिडकी हवी तशी सजवता येते आणि कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडता येते, असं मुख्य कार्यालयाच्या दीपालीने प्रशिक्षणात शिकवलं होतं. तेव्हा बाकीचे कारकून चहाला गेले होते. गुणवंतरावांनी मात्र वहीत उतरवून घेतलं आणि महिनाभर खटपट केली. खिडकीला कोवळ्या धानाचा हिरवा रंग, मोतीबिंदूतूनही दिसतील एवढी अक्षरं आणि वरच्या पट्टीवर नाव, ‘अंजनाबाई’. सकाळी बटण दाबलं की खिडकी विचारायची, ‘जेवले का?’

गुणवंतराव टाइप करायचे, ‘हो. वांगे.’

खिडकी म्हणायची, ‘अशी आज्ञा सापडली नाही.’

पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या बोलण्याचं असंच होत आलं होतं. त्यांना उलट घरच्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोन खिडक्या उघडल्या. तिसऱ्या दिवशी तीन. गुणवंतराव प्रत्येकीला मन लावून उत्तर देत. पंधरवड्यात कामाला हात लागायला साडेअकरा वाजू लागले.

सोळाव्या दिवशी सगळ्या डेपोंची व्हिडिओ मीटिंग होती. साहेब म्हणाले, “गुणवंतराव, स्क्रीनवर लिलावाची यादी दाखवा.”

यादी होती, पण सोळा खिडक्यांच्या खाली. एक बंद करावी तर खालून दुसरी विचारी, ‘जेवले का?’

“जेवून घ्या न आधी,” साहेब म्हणाले. “इतक्या बाया विचारून राह्यल्या.”

“भाऊ, वहिनी तं पुन्याले होत्या न?” पलीकडच्या डेपोचा प्रफुल म्हणाला, आणि सगळे हसले.

गुणवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकटेपण निदान आजवर झाकलेलं तरी होतं.

दुपारी दीपाली आली. “भाऊ, बंद करतानी मशीन विचारते, चालू खिडक्या सांभाळून ठेवू का. तवा काय सांगता?”

“हो सांगतो. पस्तीस वर्सांत डेपोतला एक कागद फेकला नाई म्या.”

“म्हून झालं. कालच्या साऱ्या परत उघडतात, वरून आजची एक.”

मग तिने आतापर्यंत टाइप केलेल्या आज्ञांची यादी उघडली. हो, वांगे. हो, वांगे. आज नाई जेवलो. हो, वांगे. मधेच एका ओळीत, ‘तू कधी येतं?’ दीपाली हसली नाही. ती बराच वेळ वाचत बसली.

“एखादी ठेवता येईन का?” गुणवंतरावांनी हळूच विचारलं.

“सारं साफ कराले सांगतलं साहेबानं,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी जड हाताने बटण दाबलं. पडदा कोरा आला. ते उठून पाणी प्यायला जाणार, तेवढ्यात एक खिडकी उघडली. पट्टीवर नाव होतं, ‘दीपाली’.

‘भाऊ, रोज वांगे काऊन? रविवारी घरी या. आई झिंगे करते.’

गुणवंतरावांनी चष्मा पुसून टाइप केलं, ‘येतो.’

‘अशी आज्ञा सापडली नाही.’

त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की या खिडकीमागे खरंच माणूस आहे आणि माणसाला फोन करावा लागतो. वहीच्या मागच्या पानावर प्रशिक्षणात घेतलेला तिचा नंबर होता.

“हॅलो, कोन?” पलीकडून दीपाली म्हणाली.

गुणवंतरावांनी नाव सांगितलं. मग कित्येक महिन्यांत कुणाच्या तोंडून ऐकायला न मिळालेलं त्यांनी स्वतःच विचारलं.

“जेवली का, पोरी?”