श्रीमंतांच्या ब्रेकांतील हवेची हकीकत

श्री चक्रपाणि प्रसन्न. जो फिरवितो तोच थांबवितो, त्यास प्रथम नमन करून, ज्यांस थांबतां येत नाहीं त्यांची हकीकत लिहितों ऐसीजे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध पंचमी ते दशमी, इतक्या दिवसांत जें जाहलें तें येथें आहे. घाटमाथ्यावर एक राज्य होतें. त्याचें नांव लिहीत नाहीं, कारण लिहिलें तर तेथील दरबारी आपलें नांव आधीं कां नाहीं म्हणून भांडावयास येतील. तेथें महाराज राज्य करीत. महाराजांच्या पूर्वजांनी गड घेतले आणि महाराजांनी सायकल घेतली. सायकल डोंगरी, विलायतेहून आणविलेली, जाड टायरांची, आणि तिचे ब्रेक तारेचे नव्हेत तर तेलाचे. लिव्हर दाबिली कीं नळींतलें तेल पुढें रेटावें, तेलानें चिमट्यांतल्या दोन पॅडांस ढकलावें, आणि पॅडांनी चाकाच्या पोलादी चकतीस दोहों बाजूंनी धरून चाक जागीं उभें करावें, ऐसी योजना. मग महाराजांनी फर्मान काढिलें कीं यंदां दसऱ्याचें सीमोल्लंघन हत्तीवरून नाहीं, घोड्यावरून नाहीं, सायकलीवरून घाट उतरून करूं. आणि खालीं सीमेच्या दगडापाशीं शेजारच्या राज्याच्या वकिलास बोलाविलें, कीं त्यानें पाहावें आणि जळावें. घाटास सतरा वळणें होतीं, आणि सातव्या वळणास कठडा नव्हता, थेट कडा होता. राज्यांत ज्यांचा कडेलोट करावयाचा त्यांस तेथूनच लोटीत.

पंचमीस महाराज सरावास निघाले आणि राजवाड्याच्या उतारावर त्यांणीं लिव्हर दाबिली, तों ती मुठीस येऊन टेकली आणि सायकल मात्र थांबली नाहीं, आणि महाराज गोशाळेच्या उकिरड्यांत कमरेपर्यंत गेले. दरबारींनी नाकास उपरणें लावून "वाहवा" म्हटलें, कारण दुसरें कांहीं म्हणण्याचा त्यांस सराव नव्हता. मग सायकलखान्याचे कारखानीस भिकाजीपंत यांस बोलावणें गेलें. चाक गोल असतें यापलीकडे भिकाजीपंतांस सायकलीची माहिती नव्हती, परंतु कारखानिशीस ती पुरत असे. त्यांणीं आपल्या हाताखालचा मिस्त्री सटवाजी पांचाळ यास पुढें केलें. सटवाजीच्या बापजाद्यांनी तोफांच्या गाड्यांस लोखंडी धावा बसविल्या होत्या, आणि तो स्वतः फार बोलणारा नव्हे. त्यानें लिव्हर दोनदां दाबून पाहिली आणि भर दरबारांत म्हणाला, "बिरेकात हवा शिरलीया, म्हाराज. ही हवा काढाय पायजे."

भिकाजीपंत ओरडले, "महाराजांची हवा काढतोस? महाराजांच्या समोर उभा राहून?" आणि भालदारांनी भाले सरसावले. सटवाजी म्हणाला, "म्हाराजांची न्हवं, नळीतली. त्याल दाबलं तर दबत न्हाई, पुढं ढकलतंय. हवा दबती, म्हून लिव्हर नुसतीच आत जाती. सायकल उलटी कुणी टांगली व्हती?" सायकल उलटी टांगविली होती भिकाजीपंतांनी, पाहुण्यांस चाकें फिरवून दाखवितां यावीं म्हणून, आणि त्यामुळेंच लिव्हरीशीं असलेली हवा नळींत चढली होती, परंतु या प्रश्नावर पंतांस खोकला आला आणि तो लवकर थांबला नाहीं. मग या कामास दरबारांत उच्चारण्याजोगा शब्द हवा म्हणून मसलत बसली, आणि ती सप्तमीपर्यंत चालली. एकानें "वायुविसर्जन" सुचविलें, तेव्हां मागल्या रांगेंत कोणी फिसकन हसलें आणि महाराजांचे कान लाल जाहले, म्हणून तो शब्द खोडिला. शेवटीं "वायुमोक्ष" ठरला आणि भिकाजीपंतांस त्या शब्दाबद्दल शालजोडी मिळाली. सटवाजी तीन दिवस पिचकारी मांडीवर घेऊन सायकलखान्याच्या पायरीवर बसून होता, कारण शब्द ठरल्याशिवाय स्क्रू फिरवावयाचा नाहीं ऐसा हुकूम होता. आणखी एक हुकूम सुटला, तो मात्र ठरविण्यास कोणास वेळ लागला नाहीं: दसऱ्यास ब्रेक चुकला तर सटवाजीचा सातव्या वळणावरून कडेलोट करावा. सटवाजीनें तो ऐकिला, आणि भीतीपेक्षां त्यास राग अधिक आला, कारण सायकल उलटी टांगणारा शालजोडी पांघरून समोर उभा होता.

अष्टमीस वायुमोक्ष आरंभिला. सटवाजीनें चाकें काढिलीं, पॅड काढून फडक्यांत गुंडाळून लांब ठेविले, आणि त्यांच्या जागीं ठोकळा बसविला, कीं चिमट्यांतले दट्टे बाहेर येऊन बसूं नयेत. लिव्हरीच्या माथ्यावरचा स्क्रू काढून तेथें फुलपात्रासारखें भांडें लाविलें, खालीं चिमट्यास नळी जोडिली आणि पिचकारीनें ताजें तेल खालून वर रेटूं लागला, कारण हवेचा स्वभाव वर चढण्याचा. हें दरबारास समजावून सांगावें लागलें नाहीं. मग तेलांतून बुडबुडे वर येऊं लागले. सटवाजी पान्याच्या दांड्यानें नळीवर हलकेच टकटक करी, लिव्हर हळूच दाबून सोडी, आणि दडून बसलेला एखादा बुडबुडा सुटून वर येई आणि फुटे. इतक्यांत भिकाजीपंत अत्तराची कुपी घेऊन आले आणि म्हणाले, "महाराजांच्या ब्रेकांत हें बिनवासाचें तेल? थोडें मोगऱ्याचें घाल." सटवाजी मान वर न करितां म्हणाला, "पंत, ह्या बिरेकाला ह्येच त्याल. दुसरं घातलं तर आतली रबरं फुगून बसत्याल. मग आपुन दोगंबी मोगऱ्यावानी वास घेत कड्यावरनं जाऊ." पंतांनी कुपी परत खिशांत घातली. दोन प्रहरीं शेवटचा बुडबुडा आला, मग बराच वेळ नुसतें स्वच्छ तेल आलें, आणि सटवाजीनें तोंडें बंद करून लिव्हर दाबिली तों ती अर्ध्या वाटेंतच दगडासारखी थांबली. त्यास फार बरें वाटलें. मग त्यानें सांडलेलें तेल पुसलें, चकत्या स्पिरिटानें धुतल्या, पॅड आणि चाकें बसविलीं, चिमट्याचे दोन बोल्ट सैल करून लिव्हर दाबून धरिली आणि तसेच बोल्ट आवळले, आणि उजेडाकडे डोळा लावून पाहिलें कीं चकतीच्या दोहों बाजूंस फट सारखी आहे. महाराजांचीं बोटें आखूड, म्हणून लिव्हरही मुठीजवळ आणून दिली. हें सर्व जाहल्यावर भिकाजीपंतांनी रिकाम्या पिचकारीस एक बोट लाविलें आणि चिटणीसांकडून लिहवून घेतलें कीं वायुमोक्ष पंतांनी स्वहस्तें केला.

नवमीस शस्त्रपूजा. सायकल पाटावर उभी केली आणि उपाध्ये धुंडिभट तुपाची वाटी आणि हळदकुंकू घेऊन चकतीस बोट लावावयास वांकले. सटवाजी आडवा जाहला. "भटजी, चकतीला तूप लावू नका. पॅडाला लागलं की बिरेक धरायचा न्हाई." धुंडिभट म्हणाले, "अरे, तलवारीस लावतों कीं नाहीं?" सटवाजी म्हणाला, "तलवारीनं कापायचं असतंय, हिनं धरायचं असतंय." भिकाजीपंत म्हणाले, "मिस्त्र्यानें शास्त्र सांगूं नये, बाजूस हो," आणि भालदारांनी त्याच्या दंडास धरिलें. तेव्हां सटवाजीस शब्द सुचला. तो म्हणाला, "भटजी, चकती सोवळ्यात हाय. स्पिरिटानं न्हाऊन बसलीया. शिवाल तर तिला पुन्यांदा आंघोळ." धुंडिभटांचा हात हवेंत राहिला. देवळाच्या पायरीवर सटवाजीस त्यांणीं आयुष्यभर हेंच सांगितलें होतें, आणि त्यावर उत्तर कसें द्यावें हें त्यांस कधीं शिकावें लागलें नव्हतें. मग ते दोन पावलें मागें सरले आणि त्यांणीं दुरूनच हॅंडलावर अक्षता टाकिल्या, आणि सटवाजीस वाटलें कीं जीव वांचला.

परंतु तितक्यांत महाराज जेवून आले. पुरणपोळी तुपांत बुडवून जेवण्याची महाराजांची रीत, आणि हातावर पाणी घालणारा येईतों थांबण्याची रीत नाहीं. महाराजांनी चकतीकडे पाहिलें आणि म्हणाले, "काय लखलखीत!" आणि पुढल्या चकतीवरून पांची बोटें फिरविलीं, मग मागलीवरून फिरविलीं, आणि गंमत वाटली म्हणून चाक फिरवून ब्रेक दाबिला. दरबार "वाहवा" म्हणाला. चकतीवर तूप चमकत होतें आणि तें सर्वांस दिसत होतें. बोलावें तर आज जीभ जाते आणि न बोलावें तर उद्यां कड्यावरून सबंधच जातो, आणि आपल्या आधीं हा तूपवाला जातो. त्यानें मुजरा केला आणि म्हणाला, "म्हाराज, हात धुवा."

आजवर महाराजांस कोणी हात धुवावयास सांगितलें नव्हतें; त्यांच्या मातुश्रींनी तेवढें एकदांच सांगून पाहिलें होतें. महाराज म्हणाले, "काय म्हणालास?" "तूप लागलं, म्हाराज. चकती बाटली, पॅडबी बाटले." भिकाजीपंत किंचाळले, "महाराजांच्या हातानें बाटली? छाटा याची जीभ!" महाराज म्हणाले, "आमच्या हाताचें तूप म्हणजे ब्रेकास प्रसाद." तेव्हां सटवाजी म्हणाला, "परसाद तर परसाद. मग पैला मान पंतांचा. वायुमोक्ष त्येंनीच केलाय, चिटणीसांनी लिवलंय. पंतांनी पैल्या वळणापतूर जाऊन यावं." महाराजांस ही सूचना आवडली. पंतांनी कंबर दुखत असल्याचें सांगितलें, मग पाय सांगितला, मग एकादशी सांगितली; परंतु ती परवां होती. मग त्यांस सायकलीवर बसवून ढकलून दिलें. पंतांनी वळणाच्या आधींच दोन्ही लिव्हर मुठींत आवळल्या, आणि ब्रेक ऐसे किंचाळले कीं पागेंतल्या घोड्यांनी कान टवकारले, परंतु चाकें फिरतच राहिलीं आणि पंत शालजोडीसह निवडुंगांत शिरले. त्यांस बाहेर ओढून काढिलें. महाराजांनी स्वतःचीं तुपकट बोटें पाहिलीं. मग हळू आवाजांत म्हणाले, "पाणी आणा." आणि रिठ्यानें दोनदां हात धुतले, आणि महाराजांनी धुतले म्हणून अवघ्या दरबारानें धुतले. सटवाजीनें तुपाळलेले पॅड फेंकून दिले, चकत्या पुन्हां स्पिरिटानें धुतल्या, आणि पॅडांच्या शेवटच्या दोन जोड्या होत्या त्या दोन्ही चाकांस बसविल्या. नवे पॅड चकतीस सरावावे लागतात, म्हणून अंगणांत स्वतः सायकल पळवून तीस वेळां जोरानें थांबविली. तिसाव्या खेपेस तो घामानें निथळत होता आणि चाक जागच्या जागीं उभें राहत होतें.

दशमीस सटवाजीस सातव्या वळणावर नेऊन उभा केला, कड्याकडे पाठ, दोहों बाजूंस दोन भालदार, कीं महाराज गेले तर मिस्त्री लागलाच पाठवावा. वर तुतारी वाजली आणि महाराज निघाले. रस्त्याच्या कडेस लोक टाळ्या वाजवीत होते आणि महाराज एक हात सोडून तो त्यांस हालवून दाखवीत होते, आणि मान मागें वळवून कोण अधिक टाळ्या वाजवितो तें पाहत होते, आणि सायकल सातव्या वळणावर सुसाट आली. सटवाजी दरबार विसरला, मुजरा विसरला आणि बोंबलला, "अरं, फुडं बघ! बिरेक दाब!" महाराजांनी पुढें पाहिलें. पुढें रस्ता नव्हता. मग दोन्ही हातांचीं बोटें लिव्हरींवर पडलीं, मागलें चाक वीतभर उचललें, आणि पुढलें चाक कड्यापासून चार बोटें अलीकडे उभें राहिलें. दोन खडे मात्र खालीं गेले, त्यांचा आवाज बऱ्याच वेळानें आला. महाराजांचें तोंड पांढरें पडलें होतें. त्यांणीं खालीं पाहिलें, सटवाजीकडे पाहिलें, मग लोक पाहत आहेत हें पाहिलें, आणि पागोटें सारखें करून म्हणाले, "दृश्य पाहावयास थांबलों." उरलेलीं दहा वळणें त्यांणीं दोन्ही हात मुठीवर ठेवून गोगलगाईसारखीं उतरलीं.

सीमेच्या दगडापाशीं शेजारचा वकील उभा होता. महाराज दगडाच्या वीतभर अलीकडे थांबले. वकील म्हणाला, "ब्रेक उत्तम आहेत. कोणीं साधले?" महाराज म्हणाले, "आम्हीं." सटवाजी भालदारांच्या मागून पायीं उतरून आला होता, त्याचें धोतर अजून घामानें अंगास चिकटलें होतें. महाराजांनी त्यास पुढें बोलाविलें आणि वकिलास ऐकूं जाईल ऐसें मोठ्यानें विचारलें, "सांग रे, आतां कोठें हवा राहिली आहे काय?" सटवाजीनें महाराजांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलें आणि म्हणाला, "बिरेकात न्हाई, म्हाराज."

महाराज खूष जाहले आणि वकिलास म्हणाले, "ऐकलेंत?" वकिलानें ऐकिलें होतें, म्हणून त्यानें उपरणें तोंडास लाविलें. मग महाराजांनी सटवाजीस जीवदान देऊन वर सोनें बक्षीस दिलें, तें आपट्याचें एक पान होतें.

एवंच हकीकत इतकीच. महाराज आहेत. भिकाजीपंतांचे कांटे निघाले आणि कारखानिशी राहिली. सटवाजी दरसाल नवमीस सायकलखान्याच्या दारांत उभा राहून सर्वांचे हात पाहतो आणि मगच आंत सोडितो, आणि महाराजही निमूट हात पुढें करितात. लिहिणारानें हात धुऊन लिहिलें, वाचणारानें पुसून वाचावें.