सव्वीस अंशांची खोली

"खोलीचा पारा तीसच्या वर जाऊ देणार नाही. ती माझी जबाबदारी," शास्त्रज्ञाने फोनवर मोठ्या बहिणीला ठणकावून सांगितलं.

घरात सगळे त्याला शास्त्रज्ञच म्हणत. पदार्थविज्ञानाची पदवी मिळून दोन महिने झाले होते, आणि ताजी पदवी माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

"चार वाजता गाडी घेऊन येते," ताई म्हणाली. "तीसच्या वर एक अंश दिसला, तरी बाबांना माझ्याकडे नेणार. मागच्या आठवड्यात त्यांना भोवळ आली, विसरलास?"

तो विसरला नव्हता. ओट्याला धरून खाली बसलेले बाबा त्याला अजून दिसत होते. पण बाबांना जायचं नव्हतं. ताईकडे एसी होता, पण बाबांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल नव्हतं.

"तिकडे मला स्वेटर घालून नुसतं बसवतात," बाबा म्हणाले. "फ्रीजमधल्या कोबीसारखं. तू काहीतरी कर रे."

शास्त्रज्ञ कामाला लागला. घर चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची, आणि गच्ची म्हणजे तापलेला तवा. त्याने दोन चादरी भिजवून खिडकीत टांगल्या. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं, हे बाबांना दोनदा समजावलं. मग थर्मामीटर खिडकीच्याच खिळ्याला अडकवला आणि दर पाच मिनिटांनी वहीत आकडा लिहू लागला. एक वाजता चौतीस. दीड वाजता सव्वीस!

"बघा," तो म्हणाला. "थंड हवेचं ठिकाण झालंय."

"मला उकडतंय," बाबा म्हणाले.

"कसं उकडेल? सव्वीस आहे."

"ते थर्मामीटरला विचार. मला उकडतंय."

शास्त्रज्ञाने निरखून पाहिलं. बाबांच्या कपाळावरून घामाची धार निघून नाकाच्या शेंड्यावर थांबली होती. खोली सव्वीस अंशांवर आणि माणूस घामाने निथळतोय, म्हणजे दोष खोलीत नाही, माणसात आहे. ताप! त्याने घाईने पंखा बंद केला आणि बाबांच्या अंगावर ब्लँकेट टाकलं.

"अरे, मारतोस का मला?"

"वारा लागू द्यायचा नाही. पडून राहा."

तेवढ्यात समोरच्या काकू बर्फाचा ट्रे घेऊन आल्या. दोन मिनिटांत त्याही पदराने मान पुसू लागल्या.

"काकू, तुम्हालाही घाम येतोय?" शास्त्रज्ञाचा आवाज चिरकला.

"न यायला मी काय माठ आहे? काय रे ही भट्टी केलीयस!"

"खोली सव्वीस आहे, काकू. कणकण वाटतेय का? सांधे दुखतायत?"

"सांधे वीस वर्षं दुखतायत."

त्याने वहीत लिहिलं : रुग्ण दुसरा. मग कागदावर टपकन एक थेंब पडला. तो त्याच्याच हनुवटीवरून आला होता. रुग्ण तिसरा. अर्ध्या तासात तिघं. हे साधं दुखणं नव्हे. त्याने तळमजल्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर चार जिने चढून धापा टाकत आले. त्यांनी बाबांची नाडी पाहिली, ब्लँकेट काढून काकूंच्या हातात दिलं आणि पंख्याचं बटण दाबलं. मग खिडकीकडे जाऊन थर्मामीटर शोधू लागले. तो सापडेना. ओल्या चादरीची घडी त्याच्यावर सरकून बसली होती, शास्त्रज्ञ दर वेळी ती बाजूला करून आकडा वाचत होता, आणि तो आत गुरफटून गारेगार झोपला होता.

"याला का आंघोळ घातलीस?" त्यांनी विचारलं.

त्यांनी तो रुमालाने पुसून खोलीच्या मधोमध धरला. पारा निघाला. तीस, चौतीस, सदतीस. तो जसजसा चढत गेला, तसतसा शास्त्रज्ञाचा चेहरा उतरत गेला. ओल्या फडक्यातला थर्मामीटर कमी तापमान का दाखवतो, यावर त्याने परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं. आठपैकी साडेसात गुण मिळाले होते.

"पण म्हणजे... बाबांना ताप नाही?"

"ताप नाही. मुलगा आहे," डॉक्टर म्हणाले. "चला खाली. दुपारी मी स्वतः जिन्याखाली बसतो. तिथे कधी ऊन पोचत नाही."

चार वाजता ताई आली, तेव्हा बाबा जिन्याखाली खुर्ची टाकून, पाय बादलीतल्या पाण्यात सोडून, डॉक्टरांचं भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले होते. इतके खूश ते कित्येक दिवसांत दिसले नव्हते.

"एकोणतीस," शास्त्रज्ञाने थर्मामीटर पुढे केला. "रोज दुपारी इथेच बसवीन त्यांना."

"आधी तो पुसून दे," ताई म्हणाली. काकूंनी तिला फोनवर सगळं सांगून टाकलं होतं.

तिने ओढणीने तो पुन्हा एकदा स्वतः पुसला, बाबांच्या शेजारी धरला आणि पूर्ण पाच मिनिटं थांबली. एकोणतीस.

"ठीक आहे," ती म्हणाली. "बाबा राहू देत इथे." मग तिने गाडीचं मागचं दार उघडलं आणि शास्त्रज्ञाकडे पाहिलं.

"तू बस."