ठेक्याचा डबा

दमयंतीने डबा पुसला आणि रामनवमीच्या भजनाचं वाटोळं तिथेच ठरलं. आता तिला दोष द्यावा तर तेही पाप. घरी पाहुणे यायचे होते, आणि टेबलावरच्या त्या डब्याच्या तोंडावर रंगीबेरंगी वायरींचा नुसता गुंता लोंबत होता. तिने सगळ्या वायरी उपटल्या, भोकाभोकांतली धूळ फुंकली आणि वायरी परत नीट लावल्या. लालशेजारी लाल, निळीशेजारी निळी, आखूड वर, लांब खाली.

"आता कसा घरातल्या वस्तूसारखा दिसतोय," ती समाधानाने म्हणाली.

हा डबा म्हणजे सिक्वेन्सर. तिच्या नवऱ्याने, हरिश्चंद्राने, बोटीवरची नोकरी सोडताना शेवटच्या सफरीत परदेशातून आणलेला. त्यावर बटणांच्या दोन रांगा होत्या. त्यांच्यावरून बारीक दिवे पळत, आणि सांगितलेल्या बटणावर मृदंगासारखा किंवा टाळासारखा आवाज निघे. कुठल्या रांगेने कुठला आवाज काढायचा ते वायरी ठरवत. हरिश्चंद्राने वरची रांग आठाची ठेवली होती, तिच्यावर मृदंगाचा भजनी ठेका. खालची पाचाची, तिच्यावर टाळाची बारीक नक्षी. दोघी आपापल्या चालीने चालत, एकमेकींना चुकवत, आणि चाळीस मात्रांनी पुन्हा समेवर भेटत. ते ऐकताना तो जेवण विसरायचा.

पण डबा देवळात नेला तो काही या नादापायी नाही. मिऱ्या गावच्या भजनात मृदंग वाजवायचा भिकाजी, हरिश्चंद्राचा लंगोटीयार. हल्ली त्याचा हात मंदावला होता. गाणारे रावजीबुवा तान घेऊन पुढे पोचायचे आणि ठेका मागून रमतगमत यायचा.

"तूच सांग त्याला," बुवा म्हणायचे. "तुजा दोस्त हाय."

हरिश्चंद्राची जीभ काही रेटेना. माणूस तोंडाने बोलायला भ्याला की यंत्र आणतो. त्याने एके दिवशी गुपचूप भिकाजीच्या जागेवर डबा मांडला. भिकाजी आला, त्याने डबा बघितला, "बरा हाय," म्हणाला आणि मागे भिंतीला टेकून बसला. तेव्हापासून हरिश्चंद्राला अन्न गोड लागत नव्हतं. जन्माचा मित्र आपण न बोलता उठवला, हे त्याच्या मनातून जाईना.

रामनवमीला दुपारी देऊळ भरलं. बुवांनी सूर लावला आणि हरिश्चंद्राने बटण दाबलं. मृदंग पाचात निघाला आणि टाळ आठात. बुवा एकदा समेवर आले तर तिथे सम नव्हती. ती शोधत पुढे गेले तर ती मागे राहिलेली.

"वायरींना हात कुनी लावला?" हरिश्चंद्र कुजबुजला.

"मी पुसला," दमयंती म्हणाली.

"लाल कुठे होती?"

"ता मला काय ठाव? आता लालीशेजारी हाय."

त्याने घाईघाईत एक बटण पिळलं, तर ठेका दुप्पट पळू लागला. पाळण्याची दोरी धरलेल्या बायका बिचाऱ्या ठेक्यावर झोके देत होत्या. पाळणा एकदा लांब जाई, मध्येच हिसका खाई. रामराया घसरत घसरत कोपऱ्यात गेले आणि सुंठवड्याचं ताट पालथं झालं.

"वायर काढ," बुवा ओरडले.

"कुठली?"

"भिंतीतली!"

डबा गप्प झाला. हरिश्चंद्राने मागे बघितलं. भिकाजीने पंच्यात तोंड खुपसलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते. ते बघून हरिश्चंद्राने डबा उचलला आणि मागच्या दाराने घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डबा होडीत घातला, वल्ही मारत लांब गेला आणि तो समुद्रात सोडून दिला. मग नारळ घेऊन भिकाजीच्या दारात उभा राहिला.

"भिक्या, माजा चुकला. काल तू रडलास ता मी बघितला."

"रडतोय कशाला? हसत होतो. बस." भिकाजीने हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजले होते. "दोन वरसा झाली. मला सोडायचाच होता रे. पन तुला वाईट वाटेल म्हनून बोललो नाय. तू डबा आनलास त्या दिवशी मारुतीला नारळ फोडला मी. आता त्या वायरी नीट लाव आनि आन परत."

हरिश्चंद्राने आपला नारळ खाली ठेवला. "बुडवला."

"किती पान्यात?"

"आठ वाव. एकावर एक आठ मानसा बुडतील."

"भरतीला?"

"ओहोटीला."

ओहोटीलाच एवढं खोल, म्हणजे डबा कायमचा गेला. भिकाजीने उठून खुंटीवरचा मृदंग काढला. "गुरुवारच्या भजनाला येतो."

"नको रे. तुजी बोटा..."

"मग वाजवनार कोन? तू?"

हरिश्चंद्र नारळ तिथेच ठेवून उठला. एक शब्द वेळेवर बोललो असतो तर, एवढंच तो घरी जाईपर्यंत घोकत राहिला.

गुरुवारी हरिश्चंद्राच्या ओटीवर भजन बसलं. ठेका पूर्वीपेक्षाही हळू पडत होता. बुवांनी वळून तोंड उघडलं, तेवढ्यात हरिश्चंद्राने त्यांचा गुडघा दाबला आणि आपला टाळही सावकाश केला. अभंग संपला. भिकाजीने हात हळूच उपरण्याखाली घेतले आणि बोटं चोळली.

"फुडचा घेऊया?" बुवांनी विचारलं.

"आधी जरा चाय घेऊया," हरिश्चंद्र म्हणाला.

"चवथ्यांदा?" दमयंती म्हणाली. तिने भिकाजीच्या उपरण्याकडे बघितलं आणि आधण ठेवायला उठली.